डबा, पेटी आणि खोका

सियालदा स्टेशनातून बाहेर पडताना गर्दीच्या कलकलाटातही एक खुळखुळाट वेगळा ऐकू येतो. तीन-चार कार्यकर्ते लोकल पकडायला धावणाऱ्या माणसांना आडवे जात हातातले डबे हलवत असतात. डब्याला लाल कागद चिकटवलेला आणि झाकणाला नाणं जाईल एवढी फट. बंगालीत ह्याला ‘कौटो’ म्हणतात. डाव्यांची टिंगल करायची तर बंगाली माणूस ‘कौटो हलवणारे’ म्हणतो, आणि डाव्यांना मोठेपणा सांगायचा असला तरी ते ह्याच डब्याकडे बोट दाखवतात. मी दहाची नोट टाकली आणि सवयीनं पावती मागितली. आयुष्यभर लोकांच्या किर्द-खतावण्या तपासल्यावर हात आपोआप पावतीसाठी पुढे होतो. डबेवाला पोरगा हसला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

त्याच शहरात आणखी एक डबा होता. पूर्वेला बायपासकडे जाताना तोप्सिया लागतं, तिथे तृणमूल काँग्रेसचं मुख्य कार्यालय होतं. निवडणूक रोख्यांतून तुम्हाला कोणी किती दिलं ते सांगा, असं निवडणूक आयोगानं 2019 साली सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानुसार सगळ्या पक्षांना विचारलं, तेव्हा तृणमूलनं कळवलं की बरेचसे रोखे आमच्या कार्यालयातल्या पेटीत कोणीतरी टाकून गेलं, काही माणसांकरवी आले, आणि देणाऱ्यांची इच्छा निनावी राहण्याची होती. तेव्हा नावं आमच्याकडे नाहीत. हसण्यावारी न्यायचं म्हटलं तर पाटण्याच्या संयुक्त जनता दलानंही असंच सांगितलं होतं. तिथे कोणी तरी बंद पाकीट ठेवून गेलं आणि आत दहा कोटींचे रोखे निघाले. सियालद्याचा डबा आणि तोप्सियाची पेटी, दोन्हीकडे पावती नाही आणि दोन्हीकडे नाव नाही. फरक एवढाच की एकात माझी दहाची नोट होती आणि दुसरीत कोटी-कोटीचे कागद.

मराठी वाचकाला ह्या धंद्याची मापं शिकवावी लागत नाहीत. लाखाची पेटी, कोटीचा खोका. 2022 च्या सत्तांतरानंतर विधानभवनाच्या पायऱ्यांवर पन्नास खोक्यांची घोषणा घुमली आणि शाळकरी पोरांच्या तोंडी बसली. आरोप खरा की खोटा हा भाग निराळा, पण माप सगळ्यांना समजलं. निवडणूक रोख्याच्या पाच किमती होत्या: हजार, दहा हजार, लाख, दहा लाख आणि कोटी. हजाराचा रोखा नावापुरता. एकूण रकमेतला बहुतेक सगळा हिस्सा कोटीच्या रोख्यांचा. म्हणजे सरकारनं खोका कागदावर छापून स्टेट बँकेच्या काउंटरवर विकायला ठेवला होता, असं म्हणायला हरकत नाही.

ह्या विषयावर पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि त्यात वाद नेहमी रकमेवर येऊन थांबतो. कंपनीनं किती द्यावं, उमेदवारानं किती खर्च करावा, रोखीनं किती चालावं. मला विचाराल तर रक्कम दुय्यम आहे. भांडण वहीचं आहे. नोंद कुठे होते, ती वही कोणाच्या कपाटात असते, ती उघडायचा हक्क कोणाला आणि कधी. गेल्या पाऊणशे वर्षांचा देणगीचा कायदा ह्या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला, आणि त्याची सुरुवातही, उत्तरार्धही, कोलकात्यात सापडतात.

देणं आपल्याला नवं नाही. आपण वर्गणी म्हणतो, बंगाली माणूस ‘चाँदा’ म्हणतो. दुर्गापूजेच्या आधी पाड्यातल्या क्लबाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहतात, आपल्याकडे गणपतीच्या आधी मंडळाची राहतात, आणि ‘एवढेच?’ म्हणून वर बघायची त्यांची नजरही तीच. ‘चाँदार जुलुम’ हा बंगाली वाक्प्रयोग मराठी माणसाला भाषांतराशिवाय कळतो. राजकारणासाठीही माणसं आनंदानं देत आली. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. 1920 च्या सप्टेंबरात काँग्रेसचं खास अधिवेशन कोलकात्यालाच भरलं, असहकाराचा ठराव तिथे झाला. टिळक जाऊन तेव्हा महिनाच होत होता. पुढल्या वर्षी त्यांच्या नावानं एक कोटीचा टिळक स्वराज्य फंड जमवायचं ठरलं, मुदत 30 जून. अर्देशीर गोदरेजांनी त्यात तीन लाख दिले. दिले हे जगाला माहीत होतं, का दिले हेही माहीत होतं, आणि परकं सरकार आपल्यावर दात धरील ह्याची जाणीव असूनही दिले. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे ‘देणाऱ्याला भीती वाटते’ हा युक्तिवाद येणार आहे.

स्वातंत्र्यानंतर दहा वर्षांनी, दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीच्या सुमाराला, दोन पोलाद कंपन्यांना एकदम एकच अडचण आली. पक्षाला पैसे द्यायचे तर कंपनीच्या घटनापत्रकात तशी तरतूद हवी, आणि ती बदलायला न्यायालयाची परवानगी हवी. टाटांची कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. सर बिरेन मुखर्जींची इंडियन आयर्न अँड स्टील, बर्नपूरचा कारखाना असलेली, कोलकाता उच्च न्यायालयात गेली. हा अर्ज न्यायमूर्ती पी. बी. मुखर्जींसमोर आला. पैशानं माणसाची मतं आणि सदसद्विवेक फिरवायची मुभा दिली तर लोकशाही आणि कारभार दोन्ही नासतील, अशा आशयाचं त्यांनी लिहून ठेवलं. मुंबईत मुख्य न्यायमूर्ती छगलांनी वेगळ्या शब्दांत तीच धास्ती बोलून दाखवली. एका भागधारकानं टाटांच्या अर्जाला विरोध केला होता. छगलांनी त्याचं अपील फेटाळलं, कारण कायद्यात अडवायला काही नव्हतं, पण फेटाळताना संसदेला बजावलं की ह्या धोक्याकडे बघा. हुगळीकाठच्या आणि अरबी समुद्राकाठच्या दोन न्यायालयांनी 1957 च्या एकाच वर्षात, एकाच धंद्यातल्या दोन कंपन्यांबाबत हे लिहावं, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. सर्वोच्च न्यायालयानं 2024 साली रोखे रद्द करताना मागे वळून पाहिलं ते इथवर.

मधली वळणं थोडक्यात. 1960 साली कंपन्यांच्या देणगीला मर्यादा आली आणि ती हिशेबात दाखवण्याची सक्ती झाली. 1969 साली इंदिरा गांधींच्या सरकारनं ती साफ बंद केली, आणि व्यापारी माणसानं करायचं तेच केलं, म्हणजे चेकबुक बंद करून कपाट उघडलं. काळ्या पैशाला राजकारणात राजमार्ग मिळाला तो त्या बंदीनं, असं माझं मत आहे. 1985 साली बंदी उठली. 2003 च्या कायद्यानं वीस हजारांवरची देणगी देणाऱ्याचं नाव आयोगाला कळवणं पक्षांना भाग पडलं. 2013 च्या कंपनी कायद्यात तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के ही कमाल मर्यादा आली. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, लोकसभेला मोठ्या राज्यांत 95 लाख. पक्षाच्या खर्चाला ती आजही नाही. ही गंमत वाचकानं लक्षात ठेवावी.

वहीचं महत्त्व आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना अंतुले प्रकरणानं शिकवलं. 1981 च्या ऑगस्टअखेर इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरींचा लेख आला आणि मुख्यमंत्री अंतुले ह्यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानच्या देणग्या चव्हाट्यावर आल्या. सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळायचं. प्रकरण न्यायालयात गेलं तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन यांनी काय केलं, तर देणगीच्या रकमा आणि सिमेंटच्या पोत्यांचं वाटप शेजारी शेजारी ठेवलं. दोन याद्या, एक पट्टी, आणि बोट खाली सरकवत जायचं. हिशेबनीस ह्याला ताळा घेणं म्हणतो. जानेवारी 1982 मध्ये निकाल आला आणि मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटला पुढे वर्षानुवर्षं रेंगाळला, ती गोष्ट वेगळी. पण ताळा घेता आला, कारण दोन्ही याद्या अस्तित्वात होत्या. देणग्या धनादेशानं घेतल्या होत्या, पावत्या फाडल्या होत्या. त्या काळच्या उघड्या व्यवहारात एक प्रकारचा भाबडेपणा होता म्हणायचा.

निवडणूक रोख्यांनी नेमकी ही दुसरी यादी दिसेनाशी केली. अरुण जेटलींनी 2017 च्या अर्थसंकल्पात घोषणा केली, 2 जानेवारी 2018 ला योजना अधिसूचित झाली. साडेसात टक्क्यांची मर्यादा गेली, कोणत्या पक्षाला दिले ते ताळेबंदात लिहिण्याची गरज गेली. त्याच वर्षी 1 मार्चला पहिली विक्री झाली ती चारच शहरांत: मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता. कोलकात्यात ती स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत, स्ट्रँड रोडवरच्या समृद्धी भवनात. ही बँक 1806 च्या बँक ऑफ कलकत्त्याची थेट वारस, आणि न्यायमूर्ती मुखर्जींचं उच्च न्यायालय तिथून चालत काही मिनिटांवर. रोखा पंधरा दिवसांत पक्षाच्या खात्यात जमा करायचा, न वठला तर पैसे पंतप्रधानांच्या मदतनिधीत. रोख्यावर देणाऱ्याचं नाव नाही, घेणाऱ्याचंही नाही. क्रमांकही नाही, असं वाटत होतं. एप्रिल 2018 मध्ये पूनम अग्रवाल ह्या पत्रकार बाईंनी स्वतः रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत नेले, आणि अतिनील प्रकाशाखाली कोपऱ्यातला क्रमांक उमटला. म्हणजे वही होती. ती सरकारी मालकीच्या बँकेच्या कपाटात होती. मतदाराला तेवढी बंद.

15 फेब्रुवारी 2024 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं योजना एकमतानं घटनाबाह्य ठरवली. बँकेनं याद्या द्यायला 30 जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेची निवडणूक उरकल्यावर. न्यायालयानं ती नाकारली. 14 मार्चला याद्या बाहेर आल्या, आठवड्यानं क्रमांकही आले, आणि 1982 नंतर पुन्हा एकदा सगळ्या देशानं पट्टी आणि बोट घेऊन ताळा मांडला.

कोलकाता त्यात जागोजागी सापडतं. एप्रिल 2019 पासूनच्या यादीत भाजपला सुमारे 6,060 कोटी, आणि दुसऱ्या क्रमांकावर, काँग्रेसच्याही वर, एका राज्यापुरती सत्ता असलेला तृणमूल: सुमारे 1,610 कोटी. सगळ्यात मोठा खरेदीदार फ्युचर गेमिंग, लॉटरीवाला, 1,368 कोटी. त्यातले 542 कोटी तृणमूलला, द्रमुकलाही कमी नाहीत. कोलकात्याच्या कुठल्याही फुटपाथवर छत्री रोवून बसलेला विक्रेता ‘डियर’ लॉटरीची तिकिटं मांडून असतो, नागालँड राज्याची, तेव्हा सहा रुपयांना एक, पहिलं बक्षीस कोटीचं. हातरिक्षावाला, मोलकरीण, फळवाला घेतात. पत्त्यांसारखी पसरलेली ती गुलाबी-हिरवी तिकिटं पाहताना मला 542 हा आकडा आठवतो. सहा रुपयांनी भागून पाहायचा मोह मी आवरतो.

मग हल्दिया एनर्जी: 377 कोटींचे रोखे, पैकी 281 तृणमूलला, 81 भाजपला, 15 काँग्रेसला. ही कंपनी सीईएससीच्या कुटुंबातली, म्हणजे कोलकात्याच्या घराघरात वीज देणाऱ्यांच्या. विजेचा दर ठरतो राज्याच्या नियामक आयोगापुढे. मी कार्यकारणभाव जोडत नाही, याद्या शेजारी ठेवतो आहे. एकाच पत्त्याशी नातं सांगणाऱ्या केव्हेंटर, एमकेजे आणि मदनलाल ह्या कोलकात्याच्या कंपन्यांनी मिळून पावणेसहाशे कोटींच्या आसपास रोखे घेतले, आणि त्यातला मोठा वाटा गेला भाजपला. तेव्हा हे एका पक्षाचं पाप म्हणून वाचू नये. व्यापारी दिल्लीलाही देतो आणि आपल्या गल्लीलाही देतो. दुकानाला दोन दारं असतील तर दोन्हीकडे तोरण बांधावं लागतं.

सगळ्यात प्रामाणिक नोंद केली ती एका मद्य कंपनीनं. आयएफबी अ‍ॅग्रो, कोलकात्याचीच, शेअर बाजारात नोंदलेली. 2022 साली तिनं बाजाराला रीतसर कळवलं की उत्पादन शुल्काशी संबंधित अडचणी आहेत, धंदा सुरळीत राहावा आणि भागधारकांचं हित राखलं जावं म्हणून संचालक मंडळानं 40 कोटींपर्यंतचे निवडणूक रोखे घ्यायला मंजुरी दिली आहे. कंपनीनं एकंदर घेतले सुमारे 92 कोटींचे. मी हे निवेदन दोनदा वाचलं. देणगीमागचं कारण इतक्या निरागसपणे लिहून दिलेलं दुसरं कागदपत्र माझ्या पाहण्यात नाही. हिशेबात अशा खर्चाला कोणतं शीर्षक द्यावं, हे मला अजून सुचलेलं नाही; ‘देणगी’ मात्र नव्हे.

आणि तारखा पाहा. देणगी प्रचारासाठी असते, असं आपण समजतो. तृणमूलला रोख्यांतून 2020-21 साली मिळाले 42 कोटी. विधानसभेचा निकाल लागला 2 मे 2021 ला. त्या आर्थिक वर्षात, 2021-22 मध्ये, आले 528 कोटी. एप्रिलमध्ये मतदान चालू असताना झालेली विक्री ह्यात धरली आहे, हे मान्य. पण त्याच्या पुढच्या वर्षी, निवडणूक दूर असताना, पुन्हा 325 कोटी आले. हरणाऱ्याला हुरूप द्यायला कोणी रोखा घेत नाही.

आता भीतीचा युक्तिवाद. सरकार न्यायालयात म्हणालं की नाव उघड झालं तर दुसरा पक्ष सूड घेतो, म्हणून गुप्तता. हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही, बंगालमध्ये तर नाहीच. 2021 च्या निकालानंतर तिथे जो हिंसाचार झाला तो पाहिलेल्या माणसाला, बाजारातला दुकानदार विरोधी पक्षाला दोन हजार देताना इकडे-तिकडे का बघतो, हे सांगावं लागत नाही. सियालद्याच्या डब्यात नाव लिहायची सक्ती केली तर तो डबा रिकामा होईल. तेव्हाच्या सरन्यायाधीश चंद्रचूडांच्या निकालपत्रातही हे भान आहे: छोट्या देणगीदाराचा राजकीय कल ही त्यांनी खासगी बाब मानली. पण 377 कोटी हा कल नव्हे. आणि सूड घेणारं सरकार असेल, तर गुप्त वहीची किल्ली त्याच सरकारच्या बँकेत ठेवणं हा कुठला बंदोबस्त? कोंबड्यांच्या रक्षणासाठी खुराड्याची किल्ली कोल्ह्याकडे.

रोखे नाकारून न्यायालयात गेलेल्यांत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष होता. चौतीस वर्षं बंगालवर राज्य केलेला पक्ष आणि रोख्यांच्या रकान्यात शून्य. त्यांच्या सत्ताकाळातल्या स्थानिक समित्यांची वसुली कोलकात्याचे जुने रहिवासी विसरलेले नाहीत, तेव्हा त्यांना एकदम संत करायचं कारण नाही. पण याचिका त्यांनी केली, आणि ती टिकली.

ह्याच शहरातून राजकारणात वर आलेल्या एका वेगळ्या कम्युनिस्टाचं नाव इथे घ्यायला हवं. इंद्रजित गुप्ता, अकरा वेळा लोकसभेत निवडून गेलेले, गृहमंत्री झाले तरी मंत्र्याच्या बंगल्यात राहायला न गेलेले. निवडणुकीचा खर्च सरकारनं करावा का, हे ठरवायला 1998 मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष. सोबत सोमनाथ चटर्जी, मनमोहन सिंग, आणि आपल्या मुंबईच्या शिवसेनेचे मधुकर सरपोतदार. अशी माणसं एका टेबलाशी बसून एकमतानं काय म्हणाले, तर मान्यताप्राप्त पक्षांना रोख नको, वस्तूरूपानं मदत द्या: पेट्रोल-डिझेल, छपाईचा कागद, टपाल तिकिटं, ध्वनिक्षेपक. आज हे वाचताना टपाल तिकिटांचं हसू येतं. अहवाल फडताळात गेला.

रोखे गेले म्हणून पैसा थांबलेला नाही. तो आता निवडणूक न्यासांच्या वाटेनं जातो. कंपनी न्यासाला देते, न्यास पक्षांना देतो. रोख्यांपेक्षा हे बरं, कारण न्यासाला नावं आणि रकमा आयोगाला कळवाव्या लागतात. पण एका न्यासात दहा कंपन्यांचे पैसे एकत्र झाले की कोणाचा रुपया कोणाकडे गेला ते धूसर होतं, आणि अहवाल येईपर्यंत मतदान होऊन गेलेलं असतं. मतदानाआधी वही उघडायला हवी, नंतर ती इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या कामाची. रोखीतल्या निनावी देणगीची मर्यादा दोन हजारांवर आणली आहे, म्हणजे लाखाच्या देणगीला फक्त पन्नासएक काल्पनिक माणसं लागतात.

पुढच्या पानांत कलमं, निकाल आणि आकडे सविस्तर येतील. काही प्रकरणं कोरडी आहेत, ती उड्या मारत वाचली तरी चालतील. याद्यांचं प्रकरण मात्र पेन्सिल घेऊन वाचावं. मी ती चाळत असताना धारीवाल इन्फ्रास्ट्रक्चर हे नाव आलं, 115 कोटी, त्यातले 90 तृणमूलला, 25 भाजपला. बँकेच्या यादीत कंपनीचं गाव लिहिलेलं नसतं, म्हणून शोधलं. कोलकात्याच्या त्याच वीजसमूहाची ही कंपनी, आणि तिचं 600 मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे चंद्रपूरजवळ, ताडाळीच्या एमआयडीसीत. चंद्रपुरात जो पक्ष कोणाच्या खिजगणतीतही नाही, त्याला 90 कोटी. तुमच्या तालुक्यातल्या कारखान्याचं नाव कुठल्या यादीत, कुठल्या पक्षापुढे आहे, ते एकदा शोधून पाहा. आयोगाच्या संकेतस्थळावर याद्या आहेत, फुकट आहेत, आणि अजून काढून टाकलेल्या नाहीत.